बैलखांद्याचा उतार

सोमवारी धरमपेठेतल्या ऑफिसची लिफ्ट बंद पडली होती, झालं ते एवढंच. लिफ्ट काय, बंद पडतच असते. तिच्या नावानं बोटं मोडायची आणि जिना धरायचा. प्रेमिला हेडाऊ विमा कंपनीतलं आपलं टेबल आवरून तिसऱ्या मजल्यावरून खाली निघाली. खांद्याला पर्स, हातात रिकामा डबा, डोक्यात मेथी घ्यावी की पालक हा विचार, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा उजवा पाय हवेत थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. खाली पायरी होती, रोजचीच, झिजलेल्या कोपऱ्याची, कडेला पानाच्या पिचकाऱ्या असलेली. डोळ्यांना ती दिसत होती, पण पायाला पटत नव्हती. आपण पाय टेकवायला जाऊ आणि पायरी नसेल, तिच्या खालचीही नसेल, त्याच्याही खाली काहीच नसेल, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. तिनं पाय मागं घेतला. कठडा धरला. मागून क्लेमच्या टेबलावरच्या मुली हसत आल्या, तिला वळसा घालून खडखड उतरून गेल्या. त्यांच्या सँडलींचा आवाज जसा खाली खाली जात राहिला तसा प्रेमिलाच्या पाठीवरून घाम ओघळला. डिसेंबर महिन्यात! शेवटी रुपराव शिपाई चहाचे कप घेऊन वर येत होता, त्यानं विचारलं, "मॅडम, चक्कर आली का?" "नाही गा, चपलेचा अंगठा तुटला," ती म्हणाली. खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. मग रुपरावच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून, ती उतरली. चप्पल अगदी धड होती. रुपरावनं ती पाहिली आणि कप सावरत पुन्हा वर निघाला.

आता ही बाई काही घाबरट नव्हे, हे सांगायला पाहिजे. 'झुंजुरका' नावाच्या धावण्याच्या क्लबात चढावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नागपूर म्हणजे परातीसारखं सपाट गाव, इथं डोंगरावर पळायचा छंद लागणं हाच मुळात वेडेपणा. पण शाळेतल्या पीटीच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या धम्मानंद सरांनी हे वेड बऱ्याच जणांना लावलं होतं. उजाडायच्या आत सेमिनरी हिलची चढण पळत गाठायची, मग पुन्हा, मग पुन्हा. तेवढ्यानं भागलं नाही तर उड्डाणपुलाचा चढ. आणि उतरताना? उतरताना पळायचं नाही, हा सरांचा कायदा. "उतारानं गुडघे जाते बाप्पा. चढा पळत, उतरा गोष्टी करत." मग सगळी मंडळी डांबरी रस्त्यानं रमतगमत खाली यायची, सासवांच्या तक्रारी, पेट्रोलचे भाव, कोणाच्या पोरीचं लग्न, आणि पायथ्याशी तर्री-पोह्यांची गाडी उभीच. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. चढायची एवढी तालीम केलेला आणि उतरायचं कसं ते माहीतच नसलेला क्लब, आता बोला! ते कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं, कारण सौसरच्या पुढं सातपुड्यात दर हिवाळ्यात जी डोंगरावरची रिले शर्यत होते तिच्यात शेवटचा टप्पा मेघाचा ठरलेला. चौघींनी चार टप्पे पळायचे, मनगटावरची कपड्याची पट्टी पोचलेलीनं पुढच्या बाईच्या मनगटाला बांधायची, आणि शेवटचीनं ती पट्टी बैलखांदा नावाच्या डोंगराच्या माथ्यावरून खाली गावात आणायची. मेघा मूळची चिखलदऱ्याकडची, तिला उताराचं काय कौतुक. प्रेमिलाकडं चढण. मागच्या वर्षी ती चढून गेली, पट्टी पुढं दिली आणि आयोजकांच्या जीपमध्ये बसून खाली आली. त्याच सोमवारी संध्याकाळी, मेथी निवडत असताना, सरांचा फोन आला. "मेघाचा पाय मुरगळला ना वं. उतार आता तुलेच घ्या लागते. चढावर काजलले टाकतो." "सर, मी उतारावर कधी पळाली नाही." "कोण पळालं आहे आपल्यात? पाणी कसं उतरते, तसं उतरायचं." ती नाही म्हणणार होती. नाही हा शब्द जिभेवर आलाही होता. तेवढ्यात तिला आई आठवली.

तिची आई गोदूबाई एका दुपारी माडीवर गेली आणि पुन्हा कधी खाली आली नाही. तांडापेठेतलं विणकराचं घर, खाली मागाची खोली, वर एक खोली आणि पुढं गच्ची, आणि दोन्हींच्या मध्ये लाकडी जिना, जिना कसला, भिंतीला टेकवलेली शिडीच. बाबा, बाबूलाल त्यांचं नाव, खाली खड्ड्यात पाय सोडून माग चालवायचे आणि आई सुताच्या कांड्या भरायची. प्रेमिला तेव्हा शाळेत होती. त्या दिवशी आई वाळवण बघायला वर गेली. संध्याकाळी बाबांनी हाक मारली, तर वरून आवाज आला, "उतरतो थोड्या वेळानं." रात्री म्हणाली, "उद्या उतरतो." आणि तो उद्या काही उगवला नाही. आजारी नव्हती, वेडी नव्हती, भांडण झालं नव्हतं. शिडीच्या तोंडाशी यायची, पदर खोचायची, एक पाय पुढं करायची आणि मग, अगो बाई, दूध उतू जाते वाटते, असं काहीतरी म्हणून मागं वळायची. आधी सगळे हसले. मग चिडले. मग सवय झाली, आणि सवय झाली हेच सगळ्यात वाईट झालं. कांड्यांची टोपली दोरीनं खाली सोडायला लागली. स्वयंपाकाचा स्टोव्ह वर गेला. बाबांनी गच्चीत मोरी बांधून दिली, पुढं संडासही बांधून दिला, आणि किती चांगला नवरा म्हणून गल्लीत त्यांचं नाव झालं. प्रेमिला पाण्याच्या बादल्या, पिठाचा डबा, भाजी, सगळं वर चढवायची, दिवसातून कितीदा तरी, पोटऱ्या दगडासारख्या होईपर्यंत. लोक आज विचारतात, ताई, चढावर एवढा दम कुठून आणला? ती हसते. तिनं आईला एकदाही विचारलं नाही, काहून उतरत नाहीस. कोणीच विचारलं नाही. आणि बऱ्याच वर्षांनी आई खाली आली ती चौघांनी चादरीत बांधून, पायांकडून, एकेक पायरी, "हळू, हळू गा, डोकं सांभाळ," असं म्हणत उतरवलेली. प्रेमिला खाली उभी राहून पाहत होती. सगळ्यात आधी तिला आईचे तळवे दिसले. इतकी वर्षं जमिनीला न लागलेले, गोरे, मऊ तळवे. वर गेली तेव्हा आई आज प्रेमिला आहे तेवढीच होती.

म्हणून ती सरांना नाही म्हणाली नाही. नाही म्हटलं की सुरू झालं. हे असंच सुरू होतं, एका साध्या, समजूतदार नकारानं, आणि मग सगळे प्रेमानं सोय करून देतात. मंगळवारी लिफ्ट दुरुस्त झाली होती आणि तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच तिला भीती वाटली. मानेवाड्याला त्यांचा फ्लॅट, तिथंही लिफ्ट. मेट्रो स्टेशनलाही लिफ्ट. बाजारात फूटपाथवरून उतरताना ती विजेच्या खांबाला हात लावू लागली, कोणाला कळणार नाही असा, सहज टेकल्यासारखा. तिच्या मनात आलं, आईच्या वेळी निदान कळलं तरी. आताच्या नागपुरात माणसानं जन्मभर उतरायचं सोडलं तरी कोणाच्या बापाला पत्ता लागणार नाही, बटण दाबायचं आणि दार उघडेस्तोवर मोबाईल पाहायचा. गुरुवारी सरांनी उड्डाणपुलावर उतारानं पळून पाहायला सांगितलं. तिथं ती पळाली, बऱ्यापैकी पळाली, पण तो डांबरी, दोन्ही बाजूंनी भिंत असलेला उतार, तिथं खाली कुठं काय होतं? घरी आल्यावर नवरा चेतन म्हणाला, "काय वं, चेहरा काहून उतरला? मेडल चोरीले गेलं का?" ती म्हणाली, "रविवारी उतार आहे माझ्याकडे." "मंग? चढते त्याले उतरा लागतेच," तो म्हणाला आणि भाताकडं वळला. चांगला माणूस. सांगितलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं, आणि म्हणाला असता, नको जाऊ, काय अडलं आहे. तेच तर तिला नको होतं. त्या रात्री स्वप्नात तिला तळवे दिसले. ते आईचे होते की तिचे, हे पाहण्याआधी ती जागी झाली.

रविवारी बैलखांद्याच्या माथ्यावर जीपनं तिला मागच्या बाजूनं आणून सोडलं. ऊन कोवळं होतं, वारा मात्र अंगातून आरपार जात होता. गवत वाळून पिवळं झालेलं, सागाची पानं पसरलेली, आणि थोड्या अंतरावर चुन्यानं मारलेली एक रेघ, आणि रेघेच्या पुढं डोंगर संपलेला. म्हणजे संपला नव्हता, तिथून खाली वळला होता, पण जिथं ती उभी होती तिथून रेघेच्या पुढं नुसतं आभाळ दिसायचं आणि खूप खाली, धुरकट, गावाची कौलं. तिनं एकदाच पाहिलं आणि मागं सरून एका दगडाला पाठ लावून उभी राहिली. इतर क्लबांच्या बाया येत होत्या, मनगटाला पट्टी बांधून घेत होत्या, आणि रेघ ओलांडून दोन ढांगांत नाहीशा होत होत्या. ओरडत, हसत. आधी पाय जायचे, मग कंबर, मग वेणी, आणि मग काही नाही. प्रत्येकीबरोबर ती दगडाला आणखी चिकटत गेली. शिट्टी घेऊन बसलेला एक पोऱ्या मोबाईलवर कसली तरी रील पाहत होता. आणि जीप तिथंच उभी होती, झाडाखाली, दार उघडं. ड्रायव्हर बिडी विझवून म्हणाला, "मॅडम, मी खालीच जाऊन राहिलो, तब्येत बरी नसंल तर बसा." कसं कळलं याला? एवढं दिसतं का तोंडावर? "नाही, माझा नंबर यायचा आहे," ती म्हणाली. सीटवर पिवळं फुलाफुलांचं कव्हर होतं आणि ते इतकं घरगुती, इतकं ओळखीचं वाटत होतं की तिला रडू आलं. जीप गेली नाही. ड्रायव्हरनं दुसरी बिडी पेटवली.

काजल आली तेव्हा बाकीच्या बहुतेक जणी निघून गेल्या होत्या. काजल म्हणजे क्लबातली सगळ्यात लहान, कामठीहून पहाटेच्या ऑटोनं येणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोर. धापा टाकत तिनं लाल गमछ्याची पट्टी सोडली आणि प्रेमिलाच्या मनगटाला करकचून बांधली. "जा ताई!" प्रेमिला रेघेपर्यंत गेली. पाय पुढं केला. आणि तो थांबला, जिन्यावर थांबला होता तसाच, हवेत. खाली मुरूम होता, पाऊलभर रुंद वाट होती, गेलेल्यांच्या बुटांचे ठसे होते, आणि पायाला त्यातलं काहीच पटत नव्हतं. पुन्हा तेच आलं, पण आता जिन्याएवढं नाही, अख्ख्या डोंगराएवढं. कान भरून आले. वारा थांबल्यासारखा झाला. पुढं गेलो की पडत राहायचं, नुसतं पडत राहायचं, खाली लागणारच नाही काही. तिनं पाय मागं घेतला. "ताई?" काजल म्हणाली. आणि प्रेमिलानं बुटाची लेस सैल नसताना वाकून सोडली आणि म्हणाली, "उतरतो थोड्या वेळानं."

ते शब्द तिचे नव्हते. आवाजही तिचा नव्हता. सरळ माडीवरून आला होता तो, शिडीच्या तोंडातून, पदर खोचत. प्रेमिलाची लेस धरलेली बोटं तशीच राहिली. आई आपल्या तोंडातून बोलली. आता आपण म्हणणार, दूध उतू जाते वाटते. आता आपण जीपकडं वळणार, आणि काजल काही बोलणार नाही, सर काही बोलणार नाहीत, चेतन गरम पाणी काढून देईल, सगळे किती चांगले वागतील. तेवढ्यात काजल तिच्यासमोर उकिडवी बसली. पोर घामानं निथळत होती, नाक लाल झालेलं. "काहून ताई?" ती म्हणाली. "काय होऊन राहिलं तुले?" तिनं ते साधंच विचारलं होतं. प्रेमिलानं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. "मले भेव लागते," ती म्हणाली. "लय भेव लागते वं काजल. पायाखाली काहीच नाही असं वाटते." काजलनं खाली पाहिलं, मग हिच्याकडं. ती म्हणाली, "मंग खाली नको ना पाहू."

खाली नको पाहू. हे कोण म्हणालं होतं आधी? शिडी. लाकडाला लागलेला तेलकट वास. आपण किती लहान असू, फ्रॉकला पुढं खिसा होता, आणि आई खालून, हो खालून, मागाच्या खोलीतून वर पाहत म्हणत होती, "तोंड भिताडाकडं कर. खाली पाहूच नको बाई. पाय मागं सोड, पायरी येते बरोबर." गल्लीतली सगळी लेकरं तशीच उतरायची, शिडीकडं तोंड करून, उलटी. मोठं झाल्यावर बायका सरळ उतरायला लागतात, हातात भांडी असतात, डोक्यावर पदर असतो. आईनंच शिकवलं होतं हे! आणि ती स्वतः शिडीच्या तोंडाशी उभी राहायची ती मोकळ्या खोलीकडं तोंड करून, मोठ्या बाईसारखी. तिला कोणी सांगितलं नाही, आई, वळ. एवढंच सांगायचं होतं. किंवा तिला आठवलं असेल आणि लाज वाटली असेल, आपण काय लेकरू आहोत, गल्ली हसेल. प्रेमिला रेघेवर उभी राहिली आणि वळली. डोंगराकडं तोंड, गावाकडं पाठ. खाली बसली, दोन्ही हातांनी गवताचे बुडखे धरले, आणि एक पाय मागं सोडला.

पाय लोंबकळत राहिला. ही भीती आधीच्यापेक्षा मोठी होती, कारण आता दिसतही नव्हतं. मग मुरूम लागला. मुरूम घसरला, तिच्या तोंडून किंकाळी निघाली, गुडघा खरचटला, आणि बूट एका दगडाला अडला. तो दगड होता. तिनं दुसरा पाय सोडला. वर काजलचं तोंड दिसत होतं, आ वासलेलं, आणि शिट्टीवाल्या पोऱ्याचंही, मोबाईल विसरलेला. मग ती तोंडंही कडेमागं गेली आणि समोर फक्त डोंगर राहिला, नाकाला लागेल इतका जवळ, सागाची पानं, मुंग्या, कोणाच्या तरी बिस्किटाचा कागद. मागच्या दोन टीमच्या दोघी तिच्या शेजारून उड्या मारत गेल्या. एक जण थबकून म्हणाली, "काकी, लागलं का?" आणि दुसरी हसली, आवरता आवरता हसली. हसू दे. प्रत्येक पायाला आधी काही नसायचं आणि मग काहीतरी असायचं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये दर वेळी तिचा जीव जायचा. भीती कमी झाली असं मुळीच नाही. ती फक्त एका पावलापुरती झाली, मग पुढच्या पावलापुरती. ती रडत होती, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं बोलतो आहोत, "वळ ना वं आई, वळ ना, तोंड भिताडाकडं कर."

खाली शर्यत आटोपली होती. मांडव सोडायला सुरुवात झालेली, धम्मानंद सर मात्र शर्यत संपते त्या रेघेशी उभे होते, आणि त्यांच्या मागं पहिले दोन टप्पे पळालेल्या पिंकी आणि अंजू. उतार कधीच सपाट झाला होता तरी प्रेमिला उलटीच येत होती, हातांवर, पायांवर, मागच्या पायानं चाचपत. सर तिच्या मागं येऊन उभे राहिले. "आली ना वं तू," ते हळूच म्हणाले. "आता जमीनच आहे सारी." ती तरी वळली नाही. मग सरांनी वाकून तिच्या मनगटाची पट्टी सोडली, तिच्या बोटांतला गवताचा बुडखा काढून घेतला, आणि म्हणाले, "चूक माझी आहे. उतरायचं शिकवायचंच राहिलं." ती नाही नाही अशी मान हलवत राहिली, कारण ती जे शिकून आली होती ते सरांच्या हातचं नव्हतंच.

सोमवारी ऑफिस सुटलं तेव्हा लिफ्ट चालू होती. क्लेमच्या मुलींनी दार धरून ठेवलं, "या ना ताई, जागा आहे." प्रेमिलाचा गुडघा ठणकत होता, तळहातांना पट्ट्या होत्या, आत शिरावंसं फार वाटत होतं. "जा तुम्ही," ती म्हणाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते तिची वाट पाहतच होतं, तसंच्या तसं, खाली काही नाही म्हणणारं. तिनं पर्स पाठीवर टाकली, डबा दातात धरायचा विचार केला आणि मग पर्समध्ये कोंबला. वळली. जिन्याकडं तोंड केलं, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एक पाय मागं सोडला. वरून लोक येत होते, खालून येत होते, कोणीतरी हसलं, कोणीतरी मोबाईल काढला बहुतेक. लाजेनं तिचे कान तापले. तिनं दुसरा पाय सोडला.

खालच्या वळणावर रुपराव कपांचा ट्रे घेऊन उभा राहिला होता. "मॅडम," तो म्हणाला, "काय करून राहिल्या?"

तिनं मान वळवली नाही. मागचा पाय अजून पायरी शोधत होता.

"उतरून राहिली गा," ती म्हणाली.